खाऱ्या पाण्यावरचे टोमॅटो

कुवेतात एप्रिलच्या भर दुपारी लोकरीचा कोट घालून निघालेला माणूस मी एकटाच असेन. कोट लग्नातला. बटण जेमतेम लागत होतं, म्हणून पोट आत ओढून चाललो होतो. हातात हलव्याचा डबा. खोतसाहेब म्हणाले होते, "शुक्रवारी दुपारी बंगल्यावर ये. पाहुणे यायचेत." मी समजलो, त्या पाहुण्यांत मीही आलो.

पुढच्या दारानं आत गेलो. डबा टेबलावर ठेवला. पंख्याखालची खुर्ची मोकळी होती, बसलो. पायावर पाय टाकला. शेजारच्या मद्रासी इंजिनियरला इंग्रजीत म्हणालोसुद्धा, की आज हवा बरी आहे. तो माझ्या कोटाकडे बघत राहिला.

खोतसाहेब आतून आले. मला बघून थबकले, मग हसले. ते हसणं पाहुण्यांसाठी होतं.

"अरे, इथं कुठं बसलास? टोमॅटोची टोपली मागल्या दारी ठेवलीय. ती घेऊन उभा राहा. हाक मारली की आण."

उठलो. उठताना बटण तुटलं आणि घरंगळत इंजिनियरच्या बुटापाशी गेलं. उचलायला वाकलो नाही. मागल्या दारी पोचतोय तोवर बाईसाहेबांनी माझ्या खुर्चीच्या गादीचा अभ्रा काढून गड्याकडे दिलेला. त्यानं तो माझ्या डोळ्यांदेखत बादलीत बुडवला.

हलव्याचा डबा मात्र आतच राहिला. हलव्याला विटाळ लागत नसावा.

खोतसाहेब म्हणजे आमच्या गावच्या खोतांचे नातू. रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव. त्यांचं घर टेकडीवर, आमचा महारवाडा खाली, खाजणाच्या तोंडाशी. भरतीचं पाणी शिरून खारवलेली जमीन ती आमची. इथं साहेब एका रोपवाटिकेचे सुपरिंटेंडंट. मी शेतकी शाळेचा दोन वर्षांचा कोर्स पास केलेला. पण त्यांनी मला आणलं ते माळी म्हणून. कागदावर माळी, हाक मारताना माळी. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, त्यांच्या सहीवर. त्यांनी हात आखडला, की मी, बायको आणि मुलगी, तिघंही मुंबईच्या बोटीत.

हाक आली. टोपली घेऊन आत गेलो. साहेब भिंतीवरचा फोटो पाहुण्यांना दाखवत होते. जुना, पिवळा पडलेला. पगड्या नि लांब कोट घातलेली दहा-बारा पोरं, पुढ्यात नांगर.

"आमचे आजोबा. आगगाडीनं देशावर जाऊन शेतकी कॉलेजात शिकले, त्या काळात! नांगरणीत पहिले आले होते."

फोटोच्या कडेला बैलाचा कासरा धरलेला एक हात दिसत होता. हाताचा माणूस कापलेला.

माझा आजाही त्या कॉलेजात तीन वर्षं होता. पण फीवाचून. तिथं प्रत्येक विद्यार्थ्याला जमिनीचा एक तुकडा मिळायचा. कडेला त्याच्या नावाची पाटी. नांगरायचं त्यानं, खुरपायचं त्यानं, असा नियम. मोठ्या घरच्या पोरांनी नियमाला तोड काढली. गावाहून एकेक गडी आणला. पोरं झाडाखाली बसून वही लिहायची, गडी राबायचा. पोरं मेसमध्ये जेवायची, गडी मेसच्या मागं. झोपायला गोठा. परीक्षेला गोरा मास्तर आला, की पोरं दहा पावलं नांगराला हात लावायची. मागून नांगराचं रुमणं दाबायला गडी असायचाच.

आजा वर्गाच्या खिडकीबाहेर बैल धरून उभा राहायचा. म्हणायचा, "शिकवलेलं बैलाला जेवढं समजायचं तेवढं मलापण समजायचं." आणि म्हणायचा, "नांगराचा तास माझा सरळ आला, बक्षीस खोताला." हे सांगून तो हसायचा. मीही हसायचो. पोरवयात मला ती गमतीची गोष्ट वाटे. टोपली घेऊन त्या फोटोखाली उभा राहीपर्यंत वाटे, म्हणजे बघा माझी अक्कल.

पाहुण्यांनी टोमॅटो खाल्ले. साहेब म्हणाले, "विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर पिकवलेत. माझा प्रयोग."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. चहा दिला. कपातून, बशीसकट. मला घाम फुटला.

"घरी सगळं ठीक ना? मुलगी कितवीत गेली?"

तीन वर्षांत मला मुलगी आहे हे त्यांना आजच कळलं होतं. मी कपात वाकून पाहिलं. चहाच होता.

"तू तर घरचाच माणूस. टोमॅटोची ती तुझी वही दे की दोन दिवस. पुढल्या आठवड्यात मुदीर येतायत, इंग्रज तज्ज्ञाला घेऊन. रिपोर्ट द्यायचाय. तुझं नाव घालू ना. शेवटी, आभारात."

मुदीर म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरचा अरब अधिकारी. मी म्हणालो, "वही घरी राहिली." रोजच्या नोंदींची ती वही माझ्या काखेत होती.

संध्याकाळी हे हसनभाईंना सांगितलं. खैतानात ते आमच्या शेजारी राहायचे. दापोलीकडचे, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर.

"खोत हसला?" त्यांनी विचारलं.

"हसले."

"चाय पाजली?"

"पाजली."

"मग बाबा, आधी हाताची बोटं मोज. दहा भरतात काय बघ."

आठवडाभर खोतसाहेब गोड होते. रोज वही मागत, रोज मी ती घरी विसरत असे. इतका विसराळू माणूस त्यांनी नोकरीवर कसा ठेवला, देव जाणे. एक दिवस बाईसाहेबांनी माझ्या मुलीसाठी जुने फ्रॉक पाठवले. बायकोनं ते उलटेसुलटे करून पाहिले, शिवणी तपासल्या, आणि विचारलं, "काय पाहिजे झालंय त्यांना?"

मुदीर आले त्या सकाळी मी वाफ्यावर पोचलो तर कडेला नवी पाटी. हिरवा रंग अजून ओला. पाटीवर खोतसाहेबांचं नाव. मी ती पाटी दोनदा वाचली. ही कुठली पाटी, ते मला ठाऊक होतं. माझ्या आज्यानं तीन वर्षं हिच्यासमोर नांगर धरला होता.

तज्ज्ञ उकिडवा बसून रोपं बघत होता. त्यानं विचारलं, "रोपं वरंब्याच्या माथ्यावर का नाही लावली? अशी कुशीत का?"

खोतसाहेब म्हणाले, "उन्हासाठी."

तज्ज्ञानं मान वर केली. "कुठल्या उन्हासाठी? दोन्हीकडे ऊन आहे."

 साहेब माझ्याकडे वळून, दात न उघडता, मराठीत म्हणाले, "सांग रे पटकन. मी इंग्रजीत सांगतो."

मी मागून दाबायचं. ते पुढं चालणार.

इकामा डोळ्यांपुढं आला. मुलगी आली. बोट आली.  पण तोंड उघडलं ते मराठीत नाही. माझं इंग्रजी हवापाण्यापुरतंच, पण मुदीर तरुणपणी मुंबईत राहिलेले, त्यांना हिंदी येत होती.

"साहब, ये मैंने लगाया है. मैं बोलता हूँ."

"बोलो," मुदीर म्हणाले.

"नमक ऊपर चढ़ता है. सबसे ऊपर जाके बैठता है. माथे पर लगाओ तो पौधा जल जाता है. इसलिए बाजू में लगाया. पानी सुबह जल्दी देता हूँ, ज़मीन सूखने नहीं देता."

मुदीरांनी ते तज्ज्ञाला सांगितलं. त्यानं वरंब्याच्या माथ्यावरची पांढरी साय बोटानं खरवडली आणि जिभेला लावली. मान हलवली.

"किधर सीखा?" मुदीरांनी विचारलं.

"गाँव में. इनके घर ने हमको खारी ज़मीन पर रखा था, उधर."

खोतसाहेब घाईनं म्हणाले, "सर, हा आमचा माळी."

"माली नहीं. खेती के स्कूल से पास हूँ."

आणि मी पाटीला हात घातला. पहिल्या हिसक्याला ती हललीच नाही. दुसऱ्याला आली, आणि मी तिच्यासकट वरंब्यावर बसलो. तज्ज्ञ हसला. हसू दे. शर्टभर हिरवा रंग घेऊन उठलो. मुदीरांनी नाव विचारलं. पूर्ण सांगितलं. बापाचं, आज्याचंही. त्यांनी लिहून घेतलं. त्या लिहिण्याचं पुढं काय होईल, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि कागदावर माझा भरवसा कधी नव्हताच.

पाहुणे गेल्यावर खोतसाहेब जवळ आले. आवाज अगदी हळू.

"तुझ्या आज्याला आमच्या आजोबांनी कॉलेज दाखवलं. तुला मी कुवेत दाखवलं. त्याचे हे पांग फेडलेस? उद्या सकाळी पासपोर्ट घेऊन ऑफिसात ये."

"येतो," मी म्हणालो. "वही आणणार नाही. आज विसरलो म्हणून नाही. ती माझी आहे म्हणून."

दुपारी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, वरंब्यावर बसलो तेसुद्धा. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आज्याचं नाव घेतलंत?"

"घेतलं."

तिनं ताट वाढलं. समोर बसली आणि म्हणाली, "मग तोंड असं पाडू नका. जेवा. उद्या जाल ते ताठ जा. नोकरी गेली तर मी दारोदार शिवण मागेन, परत जावं लागलं तर जाऊ. पण ह्यापुढं खोताच्या सहीवर आपल्या घरातलं माणूस कुठंही जायचं नाही. पोरगी तर नाहीच नाही."