प्रभारी प्रयोंग बाई

आमच्या शाळेच्या कचेरीत एकच मोठं टेबल आहे आणि त्यावर चार पाट्या आहेत: अभ्यासक्रम, कर्मचारी, हिशेब आणि सर्वसाधारण. सरकारी शाळेत या चार विभागांना चार खोल्या असतात आणि चार प्रमुख असतात. आमच्याकडे चारही पाट्यांमागे मी बसतो, आणि मी तासावर गेलो की प्रयोंग बाई बसतात. शिक्षण खात्याचे तपासनीस आले की ज्या विभागाचं विचारतील ती पाटी आम्ही पुढे सरकवतो. तेही हसतात. खाजगी शाळा कशी चालते ते त्यांना काय नवीन आहे?

मी सनित. गणित शिकवतो, मुलांच्या व्हॅनची वेळ लावतो, सकाळी झेंडावंदनाला माईक लावतो आणि शाळेच्या मंडळावर शिक्षकांचा प्रतिनिधी आहे, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. माझं पुराण पुरे. सांगायचंय ते प्रयोंग बाईंचं, ज्यांच्या दारावरच्या पाटीवर कित्येक वर्षं 'प्रभारी मुख्याध्यापिका' असं लिहिलेलं होतं. पाटीचा रंग उडाला, मी दोनदा नवा दिला, पण 'प्रभारी' काही निघालं नाही.

फ्रे गावाबाहेर, योम नदीच्या वळणावर आमची शाळा. बालवर्गापासून सहावीपर्यंत. खाजगी शाळेला तीन माणसं लागतात: ज्याच्या नावावर परवाना तो मालक, रोजचा कारभार बघणारा व्यवस्थापक आणि मुख्याध्यापक. पहिल्या दोन्ही खुर्च्या बुआलोय आजींच्या. शाळा त्यांनीच काढली, आणि गावातल्या प्रत्येक पोराच्या त्या आजी. तिसऱ्या खुर्चीला मात्र शाप होता. एक मुख्याध्यापक निवृत्त झाले, दुसऱ्या बाई सरकारी परीक्षा पास झाल्या आणि भर सत्रात टाटा करून गेल्या. खाजगी शाळेत शिक्षक तयार करायचे आणि सरकारने उचलून न्यायचे, हा आमचा धंदाच आहे म्हणा ना.

मग आजींनी बालवर्गाच्या प्रयोंग बाईंना धरलं. शनिवार-रविवारचे वर्ग करायला लावून मुख्याध्यापकाची पात्रताही त्यांच्या पदरात पाडली. बाई म्हणाल्या, "तात्पुरती बसते. दुसरं कोणी मिळेपर्यंत." दुसरं कोणी मिळालं नाही आणि बाई तात्पुरत्याच बसून राहिल्या.

कारण एकच. माईक.

आमच्याकडे रोज सकाळी झेंडा चढतो, प्रार्थना होते आणि मग मुख्याध्यापक बोलतात. प्रयोंग बाईंच्या हातात माईक दिला की त्यांचा चेहरा भाताच्या पेजेसारखा पांढरा व्हायचा. त्या माझ्या कानात कुजबुजायच्या आणि मी मोठ्याने सांगायचो, "मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं आहे, की नळ नीट बंद करा." शेवटी शेवटी त्या कुजबुजायच्याही नाहीत. मी माझ्या मनचंच बोलायचो आणि त्या मान डोलवायच्या. एकदा मी म्हटलं, "बाईंचं म्हणणं आहे, की गणिताच्या सरांना उद्या सुट्टी द्यावी," तेव्हा तेवढी पायावर चापट बसली.

बालवर्गात मात्र बाईंचं राज्य. शाळेतला पहिला धडा त्यांचा: कमळाचा. दोन्ही तळवे छातीशी जुळवायचे, बोटं सरळ, मिटलेल्या कळीसारखी. तोच नमस्कार, आयुष्यभर पुरणारा. पण बाईंनी त्यातून एक युक्ती काढली होती. वर्गात गलका झाला की त्या गोड सुरात विचारायच्या, "कमळ मिटलं?" सगळी पिल्लं हात जोडून ओरडायची, "मिटलं, बाई!" आणि गप्प. हात जोडलेले असले की चिमटे काढता येत नाहीत, शेजाऱ्याचं दूध पळवता येत नाही. बाई "उमललं" म्हणेपर्यंत कळी सोडायची नाही की तोंड उघडायचं नाही, हा नियम. गावात आज जी माणसं मिशा पिळत फिरतात, त्यातल्या निम्म्यांनी तो पाळलाय.

गेल्या पावसाळ्यात बुआलोय आजी गेल्या. परवाना मुलाच्या नावावर झाला. त्याचं नाव पियपोंग, पण लहानपणी गुबगुबीत होता म्हणून सगळे त्याला तुय म्हणतात. बाईंच्या अगदी पहिल्या वर्गातला. चियांग माईत कॉफीच्या यंत्रांचा धंदा करतो, गॉगल लावतो आणि बोलताना फोनकडे बघतो. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आवडायचं म्हणून काही बंधन नव्हतं.

कचेरीत आमच्या चार पाट्यांसमोर बसून तो म्हणाला, "बाई, व्यवस्थापकाचं काम मी तिकडून बघेन, अधूनमधून येईन. पण मुख्याध्यापक इथेच हवा. खात्याने सांगितलंय, यापुढे प्रभारी चालणार नाही. कायमचा माणूस नेमा, नाहीतर बंद करा."

"जाहिरात दिली होती," मी म्हटलं. "एक गृहस्थ आले. व्हॅन बघितली, बर्फाची कॉफी प्यायले आणि गेले."

"मग बाईच घेऊ देत की."

बाईंनी ओठ मिटले. "मला नाही जमायचं, बाळा. मुख्याध्यापकाला बोलावं लागतं. पालकांशी, साहेबांशी, मंडळाशी."

"आईने तुम्हाला इतक्यांदा विचारलं. मी शेवटचं विचारतोय."

"मला नाही जमायचं."

तुयने फोन खिशात घातला. पहिल्यांदाच आमच्याकडे सरळ बघितलं आणि मला वाटलं, याला हे सांगताना फारसा आनंद होत नाहीये. "मग मी यंदाच्या वर्षाअखेर शाळा बंद करतो, बाई. शुक्रवारी पालकांची सभा बोलवा. त्यांना वेळेत सांगायला हवं, म्हणजे दुसरीकडे प्रवेश घेता येतील."

तो गेल्यावर मी कचेरीत धुसफुसत बसलो, मग उठून बालवर्गात गेलो. दुपारची झोप संपली होती. मुलं रांगेत उभी राहून दात घासत होती, निम्मी पेस्ट गिळत होती, आणि बाई झोपायच्या चटया गुंडाळत होत्या.

"तुम्हाला काय होतंय हो म्हणायला?" मी म्हटलं. रागावलोच होतो. "पात्रता आहे, मुलं तुमची, गाव तुमचं!"

"सनित, ओरडू नकोस, मुलं बघतायत."

"बघू देत! पुढच्या वर्षी कुठे बघणार आहेत?"

त्यांनी चटई पायाशी उभी धरली. "मी हो म्हटलं, उभी राहिले आणि शब्दच फुटले नाहीत, तर? माझ्यामुळे शाळा बुडाली असं होईल."

"आणि नाही म्हटलंत, तर कोणामुळे बुडेल?"

एक पोरगी फेसाळलेल्या तोंडाने आली आणि बाईंच्या परकराला तोंड पुसून गेली. बाईंनी पुढची चटई घेतली. मला माझं बोलणं लागलं, त्यांना किती लागलं असेल. पण परत घ्यायची माझी तयारी नव्हती.

शुक्रवार आला. शुक्रवारी आम्ही सगळे निळीत रंगवलेले फ्रेचे सदरे घालतो, पालकही घालून आले, त्यामुळे पत्र्याच्या मांडवाखाली नुसती निळाई पसरली होती. जवळजवळ सगळं गाव. प्लास्टिकच्या खुर्च्या पुरल्या नाहीत. मी माईक लावला. मंचावर तुय, प्रयोंग बाई आणि मंडळावरचे पालक-प्रतिनिधी हेंग. हेंग बाजारात डुकराचं मटण विकतो, आवाज असा की गिऱ्हाईक नदीपलीकडून येतं.

तुय बोलला. चांगलं बोलला, खोटं काही नाही. आईची शाळा आहे, मलाही वाईट वाटतंय, पण कायमचा मुख्याध्यापक मिळत नाही, पटसंख्या घटतेय, तेव्हा या वर्षाअखेर...

पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही.

"अरे तुय!" हेंग उठून उभा राहिला, मग खुर्चीवरच चढला. "तुझ्या आईने तुला या मांडवात रांगायला शिकवलं रे! आता जमीन विकून कॉफी पाजणार का आम्हाला?"

"जमिनीचं नाव कोणी काढलं?"

"तू काढशील पुढच्या महिन्यात!"

"माझ्या दोन्ही पोरांना कुठे घालू मी?" मागून एक बाई ओरडली. एक पोलीसदादा शिट्टी फुंकायला लागला, ती त्याने घरूनच आणली असावी. माईक केकाटला. तुयचा चेहरा लाल झाला होता. तो माईकमध्ये ओरडला, "मुख्याध्यापक आणून द्या मला! आत्ता आणा, आत्ता चालू ठेवतो!"

"बाई आहेत की!" हेंग म्हणाला.

"त्याच नाही म्हणतायत!"

सगळा मांडव बाईंकडे वळला. मी मनात म्हटलं, संपलं. पण बाई उठल्या. माझ्याजवळ आल्या आणि माईक मागितला. त्यांनी माईक स्वतःहून मागितलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. नुसता श्वास, माईकमधून सगळ्या मांडवभर. लोक क्षणभर थांबले, मग पुन्हा गलका सुरू झाला, आधीपेक्षा मोठा. हेंग तुयच्या अंगावर धावून जायच्या बेतात होता. मी माईक घ्यायला हात पुढे केला.

आणि बाईंचं तोंड त्यांना न विचारताच बोललं. तोच गोड, बालवर्गाचा सूर.

"कमळ मिटलं?"

"मिटलं, बाई!"

मांडव हादरला. खाटीक, पोलीस, सोनार, गॅरेजवाले, सगळ्यांचे हात छातीशी जुळले आणि तोंडं बंद. लग्न होऊन परगावाहून आलेल्या सुना इकडेतिकडे बघत राहिल्या, मग त्यांनीही जोडले. हेंग खुर्चीवरून उतरला तो हात जोडूनच, आणि पडता पडता वाचला. आणि मंचावर तुय. गॉगल डोक्यावर, तळवे जुळलेले, बोटं सरळ, अगदी शिकवल्यासारखी. त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं आपण काय करून बसलोय.

बाईंनी सगळ्यांवर नजर फिरवली.

"शहाणी माझी बाळं," त्या म्हणाल्या. "आता बाई एक गोष्ट सांगणारेत. मध्ये बोलायचं नाही. हेंग, तूसुद्धा."

हेंगने मान हलवली.

"एक शाळा होती. तिची एक आजी होती. आजी देवाघरी गेली. मग शाळेचं कोण बघणार? तिथे एक बाई होती, पण ती फार भित्री. मोठ्या माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की ती गणिताच्या सरांना पुढे करायची. म्हणून ती सगळ्यांना नाही नाही म्हणत राहिली. आजीलाही नाही म्हणाली. आजी वाट बघत गेली." इथे त्यांचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "आज ती बाई उभी राहिली आणि तिने नीट बघितलं. तर काय? इथे मोठं माणूस कोणी नाहीच. हा हेंग, याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. तो पोलीस, डबा उघडला की रडायचा. हा तुय, चटईवर रोज माझा परकर धरून झोपायचा. सगळी माझीच आहेत. मग मी कोणाला घाबरत होते?"

मांडवात हसू फुटलं, पण दबलेलं, कारण कळी मिटलेली होती. हसता हसता कितीजणांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते. माझेही.

"मी मुख्याध्यापिका होणार," बाई म्हणाल्या. "प्रभारी नाही. कायमची. पण झेंडावंदनाला मी अशीच बोलणार, मला दुसरं बोलता येत नाही. आणि तुम्ही काय करायचं? तिथे फी नाही म्हणून पलीकडच्या सरकारी शाळेत घातलेले भाचे-पुतणे आहेत ना, त्यांना पुढच्या वर्षी इकडे आणायचं. आणणार?"

कोणी उत्तर दिलं नाही. सगळे हात जोडून बाईंकडे टकामका बघत राहिले. बाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा लोकांकडे. त्यांना वाटलं, आपलं कोणालाच पटलं नाही. माईक खाली जायला लागला.

तेव्हा तुय सरकत सरकत त्यांच्यापाशी आला. हात तसेच जोडलेले. गॉगल नाकावर घसरला होता, तोही त्याने सावरला नाही.

"बाई," तो हळूच म्हणाला, पण माईकने ते सगळ्या गावाला ऐकवलं, "उमललं म्हणा ना. तुमच्या नेमणुकीवर सही कशी करू?"