उजव्या काठावरचे वीस सेकंद

माझ्या नणंदेइतकी भित्री बाई मी पाहिलेली नाही. आणि भित्रेपणावर इतकी वर्षं पोट भरणारी तर दुसरी सापडायची नाही.

आमच्या शहरात दरवर्षी आठ दिवस दिव्यांचा महोत्सव भरतो. नदीकाठच्या इमारती, पूल, झाडं, सगळं उजळून काढतात, आणि ते पाहायचं तर बोटीतून. वन्संचा धंदा असा, की या आठ दिवसांत कुणाला खासगी बोट घेऊन पार्टी करायची असली, तर ती जमवून द्यायची. कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, कुणाच्या कंपनीची मेजवानी. बावीस वर्षं त्या हे करतायत आणि बावीस वर्षं दर पार्टीच्या आधी त्यांची पाचावर धारण बसलेली असते.

त्या राहतात आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर दोन मजले. लग्न केलं नाही. जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नाही, कारण तिथे प्लायवूडच्या फळीवर बोटीचा नकाशा काढलेला आहे, मापात. त्यावर जुन्या कोटांची बटणं. एक बटण म्हणजे एक पाहुणा. पाहुण्यांना फोन करून त्या गोड आवाजात विचारतात, "लाइफ जॅकेट कुठल्या मापाचं ठेवू?" आणि उत्तरावरून वजन ताडतात. हलक्या माणसाला शर्टाचं बटण, जड माणसाला ओव्हरकोटाचं. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ओव्हरकोटाचं काळं बटण आहे. हे मी विसरलेले नाही.

लोक मला हळूच विचारतात, यांच्या बाबतीत काही झालं होतं का? कुणी बुडालं होतं का? काही झालेलं नाही. बावीस वर्षांत कुणाचा रुमालसुद्धा पाण्यात पडलेला नाही. त्यांना फक्त हिशेब करता येतो, एवढंच. आपण बोटीत चढतो तेव्हा दिवे बघतो. त्या बघतात की किती जण कुठल्या बाजूला उभे आहेत. सगळे एकदम एका कठड्याशी धावले तर बोट कलते, आणि फार कलली तर परत सरळ होत नाही. म्हणून त्यांची सगळी कारागिरी लोकांना न कळता लोकांना हलवण्याची. उजवीकडे गर्दी झाली की डावीकडे गोड काहीतरी उघडायचं. डावीकडे जमले की फोटोवाल्याला उजवीकडे उभं करायचं. "बसा हो," असं सांगून माणूस कधी बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

घरच्यांना मात्र त्यांनी कधी बोटीत नेलं नव्हतं. यंदा माझ्या नवऱ्याला साठ पूर्ण होणार होती, आणि मी तीन महिने त्यांच्या मागे लागले. "परक्यांना फिरवता, आणि सख्ख्या धाकट्या भावाला नाही?"

"परके माझं ऐकतात गं," त्या म्हणाल्या. "घरचे कुठे ऐकतात?"

पण शेवटी मानल्या. अडतीस माणसं, शनिवारची संध्याकाळ, सव्वासहाला बोट सुटणार.

आता माझं पाप सांगते. महोत्सवात जुन्या धान्य गोदामाची भलीमोठी भिंत असते, तिच्यावर शहरातल्या लोकांनी पाठवलेले फोटो दाखवतात. प्रत्येक फोटो वीस सेकंद. मी अर्ज केला होता आणि माझा नंबर लागला होता. शनिवार, सात वाजून दहा मिनिटं. फोटो होता बहीणभावाचा. सहा वर्षांचा माझा नवरा सायकलच्या दांडीवर, बारा वर्षांच्या वन्सं पॅडल मारतायत, आणि दोघं तोंड फाटेस्तोवर हसतायत. मोठेपणी त्या तशा हसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. ती भेट दोघांना होती. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. वन्संना तर नाहीच नाही.

महोत्सवाच्या दहा दिवस आधी वन्सं सकाळी सकाळी आमच्याकडे उतरल्या. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळ्या चपला.

"डावा काठ बंद," त्या म्हणाल्या. "बांध दुरुस्तीला काढलाय. यंदा डावीकडे एक दिवा नाही. सगळं उजवीकडे."

मी म्हटलं, "मग काय झालं? एकाच बाजूला बघायचं. मान तरी दुखणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला आत पळाले.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन धक्क्यावर गेल्या. बोट चालवणाऱ्या सारंगाला वाळूच्या गोणी भरून ठेवायला सांगितल्या होत्या, माणसाच्या वजनाची एकेक. सारंग हसरा माणूस. म्हणाला, "बाई, ही बोट आहे, तराजू नाही." पण गोणी उचलत राहिला. वन्संनी टेबलावर काचेचा ग्लास ठेवला, अर्धा भरलेला, आणि त्याला पाण्याच्या बोटभर वर रबरबँड चढवला. एकेक गोण उजव्या कठड्याशी येत गेली. विसाव्या गोणीला ग्लासातलं पाणी तिरकं होऊन रबरबँडला टेकलं. पंचविसाव्या गोणीला ग्लास स्वतःच सरकायला लागला आणि वन्सं म्हणाल्या, "पुरे."

मी विचारलं, "आणि अडतीस झाल्या तर?"

"ते मला बघायचं नाही," त्या म्हणाल्या. सारंगही तेव्हा हसला नाही.

त्या संध्याकाळी फळीवर बटणं मांडून त्यांनी मला बेत समजावला. जेवणाची टेबलं अंधाऱ्या बाजूला. पाहुण्यांचे दोन गट. अर्धे खातील तेव्हा अर्धे बघतील, पुलाखाली अदलाबदल. उजवीकडे एका वेळी एकोणीसच्या वर माणूस जाणार नाही. "एकच गोष्ट नको," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी एकदम बघावं असं काही नको."

मला गोदामाची भिंत आठवली. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांनी माझं काळं बटण उचलून डावीकडे, गोडाच्या टेबलापाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "तू इथे. तू असलीस की ही बाजू मला बघावी लागणार नाही." मग काय बोलणार?

पुढचा आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. भाजीत दोनदा मीठ, आणि एकदा अजिबात नाही. नवरा म्हणाला, साठी माझी आणि विसरायला तुला लागलंय. मी महोत्सवाच्या कचेरीत फोन केला की माझा फोटो काढून टाका. तिथली मुलगी म्हणाली, यादी यंत्रात गेली, आता हात लावता येत नाही. मग जिना चढून वर गेले, सगळं सांगून टाकायचं ठरवून. वन्सं आरशासमोर नवी साडी खांद्यावर टाकून उभ्या होत्या.

"गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "सगळं इतकं चोख बसलंय ना, की यंदा मला भीतीच वाटत नाहीये. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

मी साडीचा रंग छान आहे म्हणाले आणि खाली आले. वीसच सेकंद, मी स्वतःला सांगत होते. वीस सेकंदांत काय होतंय? शिवाय सगळ्यांचं लक्ष असेलच असं कुठे आहे. अशी मी माझीच समजूत घालत होते, आणि ती पटत नव्हती.

शनिवारी वेळेवर बोट सुटली. अंधार पडत होता आणि उजवा काठ निळा, केशरी, हिरवा होत चालला होता. डावीकडे नुसते दगडांचे ढीग. वन्संचा बेत घड्याळासारखा चालला होता. गट खात होते, बघत होते, अदलाबदल करत होते, आणि कुणाला पत्ता नव्हता की आपल्याला कुणी हलवतंय. मागे, पुढे बोटींची रांग. नदीत त्या दिवसांत एकाच दिशेनं जायचं असतं, वळायची सोय नाही. मी गोडाच्या टेबलापाशी उभी होते. तो ग्लास तिथेच होता, रबरबँडसकट. पुलाखालून निघालो तेव्हा शेजारच्या बोटीच्या लाटेनं आमची बोट जराशी झुकली आणि पाणी रबरबँडच्या वर गेलं. एकोणीसच माणसं होती उजवीकडे. समोर, वळणाच्या पलीकडे, गोदामाची भिंत दिसायला लागली होती.

मी वन्संचं मनगट धरून त्यांना बाजूला ओढलं आणि सांगून टाकलं. ततपप करत, उलटंसुलटं, पण सांगितलं.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला, ओठसुद्धा. त्यांनी तीन प्रश्न विचारले.

"किती वाजता?"

"सात दहा."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"सगळे ओळखतील?"

"चेहरे दोन माणसांएवढे उंच दिसणारेत वन्सं. तुमचे दोघांचे."

त्यांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून तीन मिनिटं झाली होती. मग त्या बोटीवरच्या आचाऱ्याकडे वळल्या. "सूप उकळतंय?"

"ते शेवटी द्यायचंय ना, बाई?"

"आत्ता. वाडगे काठोकाठ भरायचे. चमचे द्यायचे नाहीत."

मला काही कळेना. त्या भांड्यावर ओणवल्या आणि पहिला वाडगा भरता भरता दबक्या आवाजात म्हणाल्या, "काठोकाठ भरलेलं गरम काही हातात असलं की माणूस धावत नाही. चल, पळ."

मी सोडून सदतीस वाडगे. आचारी भरत होता, आम्ही दोघी वाटत होतो. बोटं भाजत होती, सूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि आम्ही हसत हसत म्हणत होतो, "घ्या हो, गरम आहे तोवर घ्या, बसून घ्या." लोक कुरकुरले, "अहो चमचा?" वन्सं म्हणाल्या, "येतोय, येतोय." आणि काय सांगू, माणसं खरंच बसली. दोन हातांत वाडगा, त्यात बघत, अंग चोरून. मी आयुष्यात इतकी घाबरलेली नव्हते. बाळंतपणातसुद्धा नाही. वाडगा देताना मी एकेकाचा चेहरा बघत होते, मावससासरे, माझी बहीण, तिची नात, आणि मनात एकच, की यातलं कोण पोहू शकतं? मला एकाचंही माहीत नव्हतं.

छत्तिसावा वाडगा माझ्या हातात असताना भिंत उजळली.

मी वर पाहिलं नाही. मला फक्त आवाज ऐकू आला. सगळ्या बोटीनं एकदम श्वास घेतला, आणि मग कुणीतरी किंचाळलं, "अगं बाई, हे तर हे दोघं!" सगळे अर्धवट उठले. सूप सांडलं, "स्स, हाय" झालं, आणि बरेचसे जिथल्या तिथे खिळले, वाडगे सांभाळत, माना वळवून. बरेचसे, सगळे नाही. माझ्या नवऱ्यानं वाडगा खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो सरळ कठड्याकडे चालत निघाला. त्याच्यामागे दहाबारा जण उठले. बोट उजवीकडे कलली. टेबलावरून ग्लास सरकला आणि फुटला. पाणी बाहेर जायला ठेवलेल्या कडेच्या भोकांतून उलटं पाणी आत आलं आणि माझ्या पावलांवरून गेलं, बर्फासारखं गार.

"बस खाली!"

वन्सं ओरडल्या. साठ वर्षांच्या माणसावर नव्हे, सायकलच्या दांडीवर चुळबुळ करणाऱ्या पोरावर ओरडावं तशा. आणि तो बसला. होता तिथे, ओल्या फळ्यांवर, मटकन बसला. त्याच्यामागचे त्याला अडखळून थांबले. बोट क्षणभर तशीच राहिली, काय करायचं ते ठरत नसल्यासारखी, आणि मग हळूहळू सरळ झाली.

लोक हसायला लागले. सगळ्यांना वाटलं गंमत झाली. टाळ्या पडल्या. नवरा फळ्यांवर बसून रडत हसत होता. भिंतीवर तोवर कुणाच्या तरी कुत्र्याचा फोटो आला होता. मी सारंगाकडे पाहिलं, तो दोन्ही हातांनी सुकाणू धरून उभा होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

वन्संनी तो फोटो पाहिला नाही. पूर्ण वीस सेकंद त्यांची पाठ भिंतीकडे होती आणि नजर लोकांच्या पायांवर.

धक्क्यावर उतरताना त्यांनी एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. अडतिसावी मी. मी म्हटलं, "वन्सं, चुकले. तुमच्यासाठीच केलं होतं हो." त्यांनी माझ्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं, घरी गेल्यावर थंड पाण्यात धर म्हणाल्या, आणि मागून भांडी घेऊन येणाऱ्या आचाऱ्याला वाट करून दिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

याला आता वर्ष होत आलं. नवऱ्याला आजतागायत काही माहीत नाही, त्याच्या लेखी ती आयुष्यातली सर्वांत सुंदर संध्याकाळ आहे, आणि तो ती येईल त्याला सांगतो. वन्संचं काम चालू आहे. बोलणं चालू आहे, येणंजाणं चालू आहे. फक्त पार्टी ठरवायला कुणाचा फोन आला की सगळं विचारून झाल्यावर त्या हल्ली आणखी एक प्रश्न विचारतात, "मला न सांगितलेलं काही आहे का?"

मलाही विचारतात. मी वर नुसती भाजीची वाटी द्यायला गेले तरी विचारतात. मी म्हणते, "नाही वन्सं, काही नाही." त्या लगेच वाटी घेत नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत थोडा वेळ थांबतात, आणि तेवढा वेळ मी दारात उभी असते.