गोळी आणि मंत्र

डॉक्टरांनी यांच्या दंडावरची पट्टी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा फुगवली. मग यांच्याऐवजी माझ्याकडे बघून म्हणाले, "हायपरटेन्शन आहे." म्हणजे रक्ताचा दाब वाढलेला. "गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी सोडायची नाही."

हे डहाणूला रेल्वेत पार्सल क्लार्क, मी शाळेत शिक्षिका. साठ सालानंतरची गोष्ट. बोर्डीच्या एका वाडीत ध्यान शिकवणारे गुरुजी मुंबईहून येऊ लागले होते. कचेरीतले, शाळेतले, स्टेशनातले, सगळेच जात. हेही गेले. गुरुजींनी कानात मंत्र दिला. डोळे मिटून तो मनातल्या मनात म्हणायचा, कुणाला सांगायचा नाही.

"मलासुद्धा नाही?"

"नाही."

ऑफिसातली भांडणंसुद्धा घरी येऊन सांगणारा माणूस! मला ते खटकलं. पुढे यांचा राग निवळला, शांत झोप लागू लागली, तसा माझा संशय वाढतच गेला. एका शब्दाने असं होतं कसं?

एके सकाळी यांच्या हातून कप निसटला. बोलायला गेले तर शब्द वेडेवाकडे आले. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "स्ट्रोक." मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती.

थोडं बोलता येऊ लागल्यावर यांनी सांगितलं, ध्यानाने बरं वाटत होतं म्हणून गोळी सोडली होती.

गुरुजी चिकू घेऊन इस्पितळात भेटायला आले. मी व्हरांड्यातच अडवलं. "गोळी बंद करा, असं तुम्ही सांगितलंत?"

"छे बेन, कधीच नाही."

"चालू ठेवा, असं सांगितलंत?"

"ते कुणी विचारलंच नाही."

मी त्यांना तिथूनच परत पाठवलं. आत आले तर हे रडत होते. मंत्र आठवत नव्हता. आजाराने तोही नेला होता, आणि आठवण करून द्यायला मला तो ठाऊक नव्हता.

फाटकापर्यंत धावत जाऊन मी गुरुजींना परत आणलं. म्हटलं, "मंत्र पुन्हा द्या. पण आधी गोळीचं सांगा. मोठ्याने."

"भाई, डॉक्टरांची गोळी सोडायची नाही," ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले. मग यांच्या कानाशी वाकले.

हात हळूहळू सुधारला, हे कामावर रुजू झाले. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. मंत्राने काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही, संशयही गेलेला नाही. तुमच्या घरी कुणी असं बसत असेल तर बसू द्या, पण गोळी घेतली का, ते विचारा. हे आसनावर बसले की मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते. गोळी घशाखाली उतरली, की मगच यांनी डोळे मिटायचे.