लेकीच्या अंगणात आणलेलं घर

जगातली कुठलीही अडचण टेपनं मोजली की अर्धी होते आणि उरलेली अर्धी प्लायवूडनं झाकता येते, यावर मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. वडीगोद्रीचे हे गृहस्थ पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला टेप काही निवृत्त व्हायला तयार नाही. आमच्याकडं आले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी दाराची चौकट मोजतात. “साडूभाऊ, तीन सूत खाली बसली,” हे, सूत म्हणजे इंचाचा जेमतेम आठवा भाग असला तरी, इतक्या दुःखानं सांगतात, की बायको आतून घाबरून विचारते, “कोण गेलं हो?” लग्नात सगळे अक्षता टाकत असतात आणि हे एक डोळा मिटून मांडवाचा खांब सरळ आहे का ते पाहत असतात.

अशा माणसाला जालन्याच्या भंगारात एक जुनी कॅरॅव्हॅन दिसली. म्हणजे जीपमागं ओढून न्यायची, दोन चाकांची, पत्र्याची खोली. कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेला परदेशी साहेब हिच्यात राहायचा, असं भंगारवाला सांगत होता. मी पाहिली तेव्हा आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिला आमचं येणं अजिबात आवडलं नव्हतं. खरं तर ही वस्तू चार दिवसांत भट्टीत जायची. साडूंनी मात्र वाकून आत पाहिलं, पत्र्यावर टकटक केलं आणि निकाल दिला, “सांगाडा बराबर हाये. ह्याच्यात तुमच्या आक्काचं घर बसतंय.”

आक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. या घरामागं तिचंच एक दुखणं होतं. त्यांची एकुलती एक लेक टेंभुर्णीला दिलेली. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. आणि जुनी रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. आक्का ही रीत पाण्यापर्यंत पाळायची. घरून बाटली भरून न्यायची, लेकीच्या ओसरीवर टेकायची आणि परतीची गाडी धरायची. नऊ वर्षांत एकदाही मुक्काम नाही. लेक दर वेळी ताट वाढायची आणि आई गेल्यावर ते झाकून ठेवायची. जावई समजावून थकला. साडूंनी समजावण्याच्या भानगडीत न पडता टेप काढला. “लेकीच्या घरात जेवायचं न्हाई ना? मंग आपलंच घर तिच्या अंगणात नेऊ.”

पुढचे चार महिने हा माणूस त्या पत्र्याच्या पोटातच राहिला. कुजलेलं लाकूड उपटलं, पत्र्याला आतून थर्माकोल लावला, त्यावर प्लाय, त्यावर सनमायका. आक्का भाकरी थापायला बसली की हे मागून येऊन तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप सोडायचे. “मढ्याचं माप घिऊन राह्यले का?” ती ओरडायची. पलंगाखाली पिठामिठाचे डबे, परात हलू नये म्हणून तिच्या मापाची लोखंडी कडी, ओढलं की टेबल आणि ढकललं की भिंत. मी एकदा कपाट समजून एक दार उघडलं तर अख्खी गादी अंगावर आली. सगळ्यात देखणं झालं होतं देवघर. सागवानी, पितळी घंटा लावलेलं, बरोबर पूर्वेकडं तोंड करून पक्कं ठोकलेलं. आक्कानं हात जोडले आणि विचारलं, “आन् गाडी वळल्यावर?”

साडूंनी टेप खिशात टाकला. उभा जन्म काटकोन शिकवलेला माणूस, घराला चाकं आहेत हेच विसरला होता. दोन दिवस तो बाहेर निघाला नाही. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचं जुनं बेअरिंग आणून त्यावर देवघर बसवलं आणि एका बोटानं गरगरा फिरवून दाखवलं. “आता कुठंबी वळा. गाडी थांबली की देव पूर्वेला!”

“जरा हळू फिरवा,” आक्का म्हणाली. “चक्कर यील त्यांना.”

शेवटी एका सकाळी जावयाच्या मित्राच्या जीपमागं घर बांधून आम्ही निघालो. वाटेत चहाला थांबलो तर एका म्हाताऱ्यानं, दवाखान्याची गाडी आली समजून, बाही वर केली. “न्हाई बाबा,” आक्का त्याला म्हणाली, “आम्ही लेकीकडं राह्यला चाललोत.” राहायला हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

टेंभुर्णीला अंगणात घर लागलं, गॅस पेटला, आणि आक्कानं आपल्या घरातून लेकीला जेवायला हाक मारली. लेक वाकून आत आली, आईच्या हातची भाकरी खाल्ली. मग ताटातच बोट फिरवत म्हणाली, “आई, मला मूल झालंच न्हाई, तर तू जल्मभर अंगणातच राहशील का गं?”

आक्कानं परात धुतली, पुसली, कडीत बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गॅस पेटवलाच नाही. उतरली, अंगण ओलांडून सरळ लेकीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि म्हणाली, “चहा टाक. जल्दी टाक, डोकं दुखून राह्यलंय.”

मी साडूंकडं पाहिलं. “चार महिन्यांची मेहनत वाया गेली की हो!”

“वाया कशी? तिला अंगणापस्तोर तर आणली,” ते म्हणाले. “पुढचं माझ्या हातात नव्हतं.”

तेवढ्यात लेकीनं आतून बापालाही हाक मारली. मला वाटलं होतं, हा माणूस रीतभात फारशी मनाला लावून घेत नसेल. पण नऊ वर्षांत त्यांनीही या घरचं पाणी घेतलं नव्हतं; लेकीनं पुढं केलेली कपबशी घेताना त्यांच्या हातून निम्मा चहा बशीत सांडला. आयुष्यभर सुताच्या हिशेबानं करवत चालवलेला हात तो. त्यांनी बशी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली आणलीच नाही.