कोंबड्यांच्या पायातलं सूत

साडीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला गेला की कडोदऱ्याची आमची खोली आठवते. कापड विणायचे लूम बंद पडलेले, त्यांवर काम करणारे वडील घरी बसलेले, आणि चूल आईच्या कोंबड्यांच्या अंड्यांवर चालायची. थंडीत ऊब म्हणून वडिलांनी घरात पडलेलं टाकाऊ सूत खुराड्यात अंथरलं, तर कोंबड्या लंगडूच लागल्या. धागे बोटांत रुतून पाय सुजले, अंडी थांबली. "आपला पाय अडकेल शेतस ते कमी शे का, आते यास्ना बी?" आई थकून म्हणाली. "माले वाटनं, मऊ गादी व्हई," म्हणत वडील एकेक कोंबडी मांडीवर घेऊन कातरीने धागे कापत राहिले. मी हळद लावली, सुताऐवजी उसाचं पाचट पसरलं. हळूहळू त्या चालू लागल्या, अंडीही देऊ लागल्या. त्याच अंड्यांवर माझं कॉलेज झालं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.