पेत्रमास्तरांची सात मिनिटं

मास्तरांशी कुठल्याही विषयावर बोलायला सुरुवात करा, तिसऱ्या मिनिटाला पेत्र यायचाच. मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. एकदा माझा बॉयलर बिघडला म्हणून सांगायला गेले, तर "इंजिनिअर मंगळवारी येईल" इथून निघालेली गोष्ट "पण पेत्राकडे बघ, त्याला कोणी अपॉइंटमेंट दिली होती का?" इथे येऊन टेकली. पेत्र म्हणजे येशूचा तो कोळी शिष्य. गुरूला क्रुसावर मारल्यानंतर सात आठवड्यांनी तो त्याच शहरात, त्याच लोकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही मारलात तो जिवंत आहे आणि तोच प्रभू आहे. हे पहिलं ख्रिस्ती प्रवचन. मास्तरांच्या मते शेवटचं खरं प्रवचनही तेच, त्यानंतर झाल्या त्या सगळ्या सूचना. इंग्लंडातल्या लेस्टरमधली आम्ही मराठी मंडळी त्यांना पाठीमागे पेत्रमास्तर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

ते मूळचे नगरकडचे, तिथल्या शाळेत मराठी शिकवायचे. बायको नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तसे मास्तरही मागोमाग आले आणि पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायला लागले. "वर्गातली पोरं पळून जायची," ते म्हणायचे, "इथला श्रोता पट्ट्याने बांधलेला असतो." मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आले आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं, तेव्हा ते रिटायर झालेले होते. पहिल्याच दिवशी कुंपणावरून एक खणखणीत "सलाम" आला. मी दचकले. नगरकडचे ख्रिस्ती एकमेकांना सलाम म्हणतात, हे पुण्यात तीस वर्षं काढून मला माहीत नव्हतं. नगर तिथून तीन तासांवर आहे. हे कळायला मला लेस्टरला यावं लागलं.

मी काही फार धार्मिक बाई नाही. गणपतीपुरती आहे. पण मास्तरांना श्रोता लागायचा आणि मला त्यांच्या हातचा चहा आवडायचा, त्यामुळे आमचं जमलं. दुसऱ्या की तिसऱ्या चहाला त्यांनी थेट विचारलं, "येशू देव आहे असं तुला वाटतं का?"

मी म्हटलं, "असेल की. माझ्या आईच्या देवघरात त्याचा फोटो आहे. दत्ताच्या शेजारी."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "हेच. हेच तुमचं. कोणीही आला की सरकून जागा करून देता. अगं, पेत्र ज्यांच्याशी बोलत होता ना, त्यांच्यात माणसाला देव म्हणणं म्हणजे दगड खायचं काम. आणि ज्याच्याबद्दल म्हणत होता तो कोण? ज्याच्याबरोबर मासे भाजून खाल्ले तो. घोरायचा कसा ते माहीत असलेला. त्याला प्रभू म्हणायला काय लागलं असेल? आणि तू म्हणतेस, असेल की." पुढचा कप त्यांनी मला साखर न घालता दिला.

त्यांची मोठी अडचण हीच होती. एका बाजूला आमच्यासारखे, ज्यांना आणखी एक देव जड नाही, आणि दुसऱ्या बाजूला इथले इंग्रज, ज्यांना एकसुद्धा झेपत नाही. मध्ये मास्तर, हातात पेत्र घेऊन उभे.

मी आले त्याच वर्षी त्यांची बायको गेली. सगळे त्यांना सिस्टरमावशी म्हणायचे. मला काय सुचावं, मी बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानातून झेंडूचा हार आणला आणि दिवाणखान्यातल्या मावशींच्या फोटोला घातला. आमच्यात असंच करतात, गेलेल्या माणसाचा गळा मोकळा ठेवत नाहीत. मास्तर थोड्या वेळाने उठले, हार अलगद काढला आणि माझ्या हातात परत दिला. "ती गेलेली नाही, पोरी," म्हणाले. "प्रभूमध्ये झोपलीय. झोपलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालतात का? टोचेल तिला." मी तो हार घेऊन घरी आले आणि बराच वेळ तो कुठे ठेवावा ते मला कळेना. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. एवढ्या प्रेमाने नेला होता.

मास्तरांचं चर्च आमच्या रस्त्याच्या टोकाला. त्याला ते देऊळ म्हणायचे. बावीस वर्षं त्यांनी तिथे खुर्च्या मांडल्या, हीटिंग लावलं, उपासनेनंतर चहा केला. चहाच्या रोटावर, म्हणजे पाळीच्या यादीवर, बारा नावं होती आणि बाराही रविवारी मास्तरच असायचे. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: एकदा, फक्त एकदा, त्या देवळाच्या व्यासपीठावर उभं राहून पेत्राचं म्हणणं सांगायचं. दर वर्षी ते विकरबाईंना, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूंना, विचारायचे आणि दर वर्षी त्या मान वाकडी करून म्हणायच्या, "व्हॉट अ लव्हली थॉट." मास्तर आनंदाने घरी यायचे. लव्हली थॉट म्हणजे नाही, हे त्यांना समजवायला मला दोन वर्षं लागली. मग विकरबाईंनी प्रवचनकारांचा कोर्स सुचवला. तो झाला. मग सेफगार्डिंगचा, म्हणजे मुलाबाळांच्या सुरक्षिततेचा कोर्स. तोही झाला. मग फॉर्म बदलला. आमच्या ऑफिसात अशा कामांची एक यादी असते, जी कधीच करायची नसते पण कोणी खोडतही नाही. मास्तर त्या यादीत जाऊन बसले होते.

विकरबाई वाईट नव्हत्या हो. उलट फार गोड. पण त्यांचं प्रवचन म्हणजे कोमट पाणी. एका रविवारी मास्तरांच्या आग्रहाखातर मी गेले होते. बाई म्हणाल्या, येशू हा, इन सम सेन्स, दैवी होता. पहिल्या शिष्यांनाही हे हळूहळूच सुचत गेलं, तेव्हा आपणही घाई करू नये. बाहेर पडल्यावर मास्तरांचा चेहरा बघवत नव्हता.

"हळूहळू सुचलं, मान्य," ते चालता चालता म्हणाले. "माझी बायको कोण आहे हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. म्हणून ती आधी दुसरी कोणी होती का? उशीर मला झाला, तिला नाही." मग एकदम थांबले. "इन सम सेन्स म्हणे. ह्यांच्याच लोकांनी माझ्या आजोबांना जाऊन सांगितलं ना? आजोबा गावकुसाबाहेरचे. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नाही. साहेबाने सांगितलं, देव माणूस झाला आणि त्याला शहराच्या वेशीबाहेर नेऊन मारलं. आजोबांना दुसरं काही समजावं लागलं नाही. वेशीबाहेर कोण राहतं ते त्यांना माहीत होतं. त्या एका वाक्यावर त्यांनी भावकी सोडली, मार खाल्ला. ते काय इन सम सेन्स खाल्ला?"

माझे आजोबा विहिरीच्या कुठल्या बाजूला होते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या हिवाळ्यात मास्तरांच्या हृदयाची झडप कुरकुरायला लागली. डॉक्टरांनी ऑपरेशन झेपणार नाही म्हणून सांगितलं आणि जे महिने आहेत ते आनंदात घालवा म्हणाले. मास्तर मला म्हणाले, "बघ, आता कोर्सला वेळ नाही." मग मीच विकरबाईंना जाऊन भेटले आणि पुण्याची बाई जशी बोलते तशी बोलले. पंधरा दिवसांनी आमंत्रण आलं. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, म्हणजे पेत्र बोलला त्याच दिवशी, चर्चमध्ये विविधतेचा रविवार ठरला होता. मास्तरांनी सात मिनिटं त्यांच्या प्रवासाबद्दल बोलावं, पारंपरिक पोशाखात यावं, आणि जमलं तर समोसे आणावेत.

मी भडकले. मास्तर शांत. "पेत्र बोलायला उभा राहिला तेव्हा लोक म्हणाले, प्यायलाय. मला समोसेवाला म्हणतील. चालेल." पोशाखाबद्दल मात्र ते ठाम होते. "आमचा पारंपरिक पोशाख सूट आणि टाय. मिशनच्या साहेबांनीच शिकवलाय."

भाषण त्यांनी चाळीस पानं लिहिलं. सात मिनिटांत ते बसवायचं काम माझ्याकडे. मी कापायचे, ते दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तेवढ्यात माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आणि तिने समोसे हातात घेतले.

त्या रविवारी मास्तरांनी आजोबांचा येशू बरोबर नेला. जुनं छापील चित्र, लाकडी चौकटीतलं: निळे डोळे, सोनेरी केस. विकरबाई अस्वस्थ झाल्या, हे चित्र आजकाल जरा प्रॉब्लेमॅटिक आहे म्हणाल्या. "तुमच्याकडूनच आलंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ते व्यासपीठाजवळच्या टेबलावर ठेवलं. समोर सोळा माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. मास्तर व्यासपीठाच्या पायऱ्या चढत असताना मला शेजारची जागा रिकामी दिसली. आई टेबलापाशी पोचली होती. पिशवीतून झेंडूचा भला मोठा हार काढून तिने येशूच्या गळ्यात घातला, नमस्कार केला आणि येऊन बसली.

"अगं आई, काय केलंस हे," मी कुजबुजले.

"देवाचा गळा मोकळा कसा ठेवायचा?" ती म्हणाली. "एवढी माणसं, एकालाही सुचू नये."

मास्तरांच्या घरात चित्राला फूल वाहायची पद्धत नव्हती, आणि मागच्या हाराचं काय झालं ते मला आठवत होतं. बावीस वर्षांची वाट, आणि माझ्या आईने तिच्यावर झेंडू पसरला होता. मास्तरांनी हाराकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग मी एवढ्या कष्टाने कापलेले कागद घडी करून खिशात ठेवले.

"आमच्या देशात," ते त्यांच्या नगरी इंग्रजीत म्हणाले, "फोटोला हार घातलेला दिसला तर त्याचे दोनच अर्थ. एक तर हा माणूस मेलेला आहे, नाहीतर हा देव आहे. तिसरा अर्थ नाही. ह्या बाईंनी हार घातला. पेत्राने त्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, की हार कुठल्या कारणासाठी घालणार ते तुम्ही ठरवा. पेत्र काही शूर नव्हता. आधी एका मोलकरणीने विचारलं तर त्याने आपल्या गुरूची ओळख नाकारली होती. पण मग त्याने त्याला जिवंत पाहिलं. त्यानंतर त्याला 'इन सम सेन्स' म्हणता येईना. मलाही येत नाही. मी तुमचा चहा बावीस वर्षं करतोय. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, म्हणून आज सांगतो. माझ्या आजोबांना तुम्ही दिलेली वस्तू मी परत करायला आलोय. तुमच्याकडची संपलेली दिसते."

आणि खाली उतरले. तीन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. चाळीस पानं कापणारी मी, मला काही राहिलंय असं वाटलं नाही.

मग विकरबाई उठल्या आणि म्हणाल्या, "थँक यू, दॅट वॉज व्हेरी कलरफुल." पुढच्या रांगेतल्या आजींनी समोसे तिखट आहेत का ते विचारलं. चहा अर्थातच मास्तरांनी केला. आईचे समोसे दहा मिनिटांत संपले आणि तिघांनी रेसिपी मागितली. पेत्राच्या प्रवचनानंतर हजारोंनी बाप्तिस्मा घेतला होता, मास्तरांच्या प्रवचनानंतर सारणात काय असतं ते विचारून घेतलं. घरी येताना मी म्हटलं, "मास्तर, वाईट वाटलं का?"

"कशाचं? मी बोललो ना," ते म्हणाले. आणि थोडं पुढे गेल्यावर, "तुझ्या आईला सांग, हार छान होता. आता मला तेवढा घालू नका. मी पण झोपणारच आहे. हार घालाल आणि माझी तीन मिनिटं वाया घालवाल."

ऑक्टोबरात ते गेले. ज्या हॉस्पिटलात ट्रॉल्या ढकलल्या, तिथेच. अंत्यविधीला चर्च भरलं होतं, एवढी माणसं त्यांचा चहा प्यायली असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. विकरबाई बोलायला उभ्या राहिल्या. येशूचं नाव घेऊन "इन सम" एवढं म्हणाल्या आणि अडल्या. मग ते दोन शब्द टाकून देऊन त्यांनी वाक्य पुरं केलं. आवाज नेहमीसारखा गोड नव्हता. माझ्या डोळ्यांना धार लागली ती तिथे.

महिन्याभराने हॉलमध्ये, चहाच्या खिडकीशेजारी त्यांचा फोटो लागला. खाली पितळी पट्टी: बावीस वर्षं आमचा चहा करणारे. पेत्राचा उल्लेख नाही, प्रवचनाचा नाही. मी विकरबाईंना जाऊन म्हटलं, "त्यांनी एकदा प्रवचनही केलं होतं." त्यांनी वहीत लिहून घेतलं. पट्टी अजून तीच आहे.

आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो. "मास्तरांच्या फोटोला हार घातलास ना?"

"नाही."

"अगं, गेलेल्या माणसाचा फोटो असा मोकळा?"

मी एकदा हार घेऊन गेलेही होते. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आता त्या मी मांडते, कारण दुसरं कोणी मांडत नाही. फोटोसमोर उभी राहिले. मास्तर चहाचा कप पुढे करावा तसे बघत होते. हात वर गेला आणि तसाच खाली आला. हार घरी आणून गणपतीला घातला, त्याचं काही म्हणणं नव्हतं.

"तू ख्रिस्ती झालीस की काय?" आई विचारते.

"नाही गं."

"मग त्यांचं ते झोपण्याचं मानतेस?"

नाही, मी मानत नाही. मेलेलं माणूस मेलेलं असतं. पण हार घालायला माझा हात होत नाही.