कडू घास कोणी नेला?

गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत आमच्या खान्देशी माणसाचं लग्न ठरो, मूल होवो की कोणी जावो, बातमी हेमराजभाऊंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरूनच फिरते. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये ते कापडाचा रंग जुळवतात. पण ग्रुपमुळे कोणाला रक्त मिळालं, कोणाला खोली मिळाली, हे ते जास्त अभिमानानं सांगतात. अभिमान खोटा नाही.

त्या सकाळी यंत्रमागावरचा छगन गेला. तो नुकताच दूरच्या नव्या सोसायटीत राहायला गेला होता. भाऊंनी फोटो टाकला, अंत्यविधीची वेळ टाकली. लोक स्मशानात आले आणि तिथूनच पाळीवर गेले. मग दुपारभर ग्रुपवर जोडलेले हात उतरत राहिले, मागावरून कापड उतरावं तसे. नक्षी तीच, रंग तोच.

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाऊबंद पिठलं-भाकरी नेतात. तो कडू घास दुसऱ्याच्या हातानं भरवला जातो, तेव्हा घरचं माणूस पुन्हा जगायला लागतं.

"कडू घास कोन लई गया?" भाऊंच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनी विचारलं.

"कोनीतरी लई गया व्हई."

"हाऊ कोनीतरी कोठे ऱ्हास?"

भाऊंनी छगनच्या बायकोला, सुषमाला फोन लावला. कोणी आलं नव्हतं. पोरं बिस्किटांवर होती. ती तशीच बसून होती.

प्रमिलाबाईंनी पिठलं ढवळायला घेतलं. भाऊंनी ग्रुपवर सगळ्यांचं लिहिणं बंद केलं आणि एवढंच टाकलं : सुषमाच्या घरात सकाळपासून अन्न नाही. आम्ही निघालो.

लगेच वाल्मिकचा फोन. "भाऊ, ग्रुप का बंद केला? माझी श्रद्धांजली राहिली."

"भाकरीवर ठेव अन् घेऊन ये."

संध्याकाळी सुषमाच्या जिन्यात चपला मावेनात. सुषमानं दोनदा तोंड फिरवलं. प्रमिलाबाई घासाचा हात तसाच धरून बसल्या. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं आणि घासाबरोबर सकाळपासूनचं रडू फुटलं. मग पोरं जेवली.

आता ग्रुपवर मयताची बातमी येते तेव्हा अंत्यविधीच्या वेळेखाली कडू घास नेणाऱ्या घराचं नाव असतं. ते नाव लागेपर्यंत भाऊ कोणाला हात जोडू देत नाहीत. नाव आपलं लागावं म्हणून दोन घरं भांडतात कधीकधी. भाऊ भांडू देतात.